दगड कोणी निवडायचा?

४ मार्च २०१० रोजी मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरने एक दगड निवडला. त्या दिवसाची नेमून दिलेली चाल संपवून गाडी कन्सेप्सिअन नावाच्या विवराजवळ थांबली होती. कॅमेऱ्याने समोरच्या जमिनीचे रुंद चित्र घेतले. त्यात पन्नासाहून अधिक दगड दिसत होते. गाडीवरच्याच संगणकाने ते एकेक करून वेगळे काढले, प्रत्येकाचा आकार आणि उजळपणा मोजला, आणि 'मोठा व गडद' या त्याला दिलेल्या निकषावर एक दगड पक्का केला. फुटबॉलएवढा, थराथरांचा, आघाताने विवराबाहेर उडालेला असावा असा तो दगड. मग दुसऱ्या कॅमेऱ्याने वेगवेगळ्या गाळण्या लावून त्याची बारकाईने छायाचित्रे घेतली. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील शास्त्रज्ञांना हे सगळे कळले ते चित्रे पोचल्यावर.

दगड साधाच होता. त्याच्यामुळे मंगळाचा इतिहास बदलला नाही. पण या दगडाकडे पाहायचे आणि बाकीच्यांकडे पाहायचे नाही, हा निर्णय त्या दिवशी माणसाने घेतला नव्हता. भूविज्ञानाचे निम्मे काम या एका निर्णयात असते. प्रयोगशाळेतले काम नंतरचे. आधी कोणीतरी मैदानात उभे राहून हजार दगडांतून एक उचलावा लागतो. तो उचलण्याचा अधिकार यंत्राकडे कसा गेला, किती गेला आणि जाताना काय अटी घातल्या गेल्या, याचा हा आढावा आहे. हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. मराठवाडा ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, त्याच जातीच्या खडकाने मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बनलेला आहे. आणि 'कुठे पाहायचे नाही' हे आधीच ठरवून टाकल्याची किंमत लातूर जिल्ह्याने एकदा मोजलेली आहे.

अंतराचा हिशोब

परग्रहावरची गाडी दूरवरून हाकणे हे आधी अंतराचे गणित आहे. चंद्रावर संदेश पोचायला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. त्यामुळे १७ नोव्हेंबर १९७० रोजी चंद्रावर उतरलेली सोव्हिएत रशियाची लुनोखोद-१ ही गाडी क्रिमियात बसलेल्या पाच जणांच्या पथकाला हाकता आली. चित्रे थांबत थांबत येत, हुकूम उशिरा पोचत, तरीही एका माणसाने पाहावे आणि दुसऱ्याने कळ दाबावी असे ते काम होते. ती गाडी साडेदहा किलोमीटर चालली.

मंगळाच्या बाबतीत हे जमत नाही. दोन्ही ग्रह आपापल्या कक्षांत कुठे आहेत त्याप्रमाणे प्रकाशाला तिथे पोचायला सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात. प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत पाऊण तास जाऊ शकतो. शिवाय गाडी दिवसभर पृथ्वीशी बोलत नसते. तिची बहुतेक माहिती मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांमार्फत ठरावीक वेळी येते. म्हणून पद्धत अशी पडली की, सकाळी दिवसभराचे हुकूम एकदम पाठवायचे, संध्याकाळी काय झाले ते पाहायचे, रात्रभर चर्चा करून दुसऱ्या दिवसाचे हुकूम तयार करायचे. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत पृथ्वीवरची माणसे मंगळाच्या घड्याळाप्रमाणे झोपत आणि उठत.

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेली सोजर्नर ही पहिली चाकाची गाडी साडेदहा किलो वजनाची होती. तिने एकूण शंभरेक मीटर अंतर कापले, तेही ज्या तळयानातून ती उतरली त्याच्या अवतीभवतीच. वाटेत अडथळा आला तर तो चुकवण्यापुरती अक्कल तिला दिलेली होती. पण बार्नकल बिल, योगी अशी नावे दिलेले दगड कोणते, कोणाजवळ जायचे आणि कोणाला उपकरण टेकवायचे, हे सारे पृथ्वीवर ठरे.

पुढे गाड्यांची चाल वाढली आणि एक नवी अडचण उभी राहिली. एखादी गाडी दिवसभरात शंभर मीटर पुढे गेली की ती अशा जागी पोचते जी पृथ्वीवर कोणी पाहिलेलीच नसते. तिथली चित्रे येऊन, त्यांतून दगड निवडून हुकूम पाठवेपर्यंत एक दिवस जातो. गाडी लगेच पुढे निघाली तर मधले शेकडो दगड न पाहताच मागे पडतात, आणि ती थांबली तर दिवस वाया जातो. प्रवास आणि अभ्यास यांच्यातल्या या ओढाताणीतून 'दगड गाडीनेच निवडला तर?' हा प्रश्न जन्माला आला.

आधीचे प्रयोग

प्रश्न मंगळाचा असला तरी त्याची तालीम पृथ्वीवर झाली. जानेवारी २०००मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची नोमॅड नावाची चार चाकी गाडी अंटार्क्टिकातल्या एलिफंट मोरेन या भागात हिंडली. पांढऱ्या बर्फावर काळा दगड दिसला की तिने जवळ जायचे, त्याचा रंग आणि वर्णपट पाहायचा आणि हा इथलाच दगड की आकाशातून पडलेली उल्का, याची शक्यता मोजायची. गाडीने 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर द्यावे अशी अपेक्षा नव्हती. नवा पुरावा मिळेल तशी शक्यता कमीजास्त करत जायची, ही संभाव्यताशास्त्रातली जुनी रीत तिला शिकवलेली होती. त्या मोहिमेत तिने डझनावारी दगड तपासले आणि पाच उल्का ओळखल्या. अनुभवी माणसापुढे ही गती फार नव्हती. पण पाहणे, शंका घेणे आणि निष्कर्षाला येणे ही साखळी यंत्राने मैदानात पुरी केली होती.

त्याच्या आदल्या वर्षी, मे १९९९मध्ये, डीप स्पेस-१ या यानावर 'रिमोट एजंट' नावाच्या आज्ञावलीला काही काळ यानाचा ताबा दिला गेला. काय करायचे ते सांगितले होते. कसे करायचे ते तिने ठरवायचे होते. प्रयोगाच्या मध्येच आज्ञावलीचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत अडकून पडले. जमिनीवरच्या तपासण्यांत न सापडलेली चूक अवकाशात उघड झाली. अभियंत्यांनी ती शोधली, राहिलेले प्रयोग नंतर पार पडले. यंत्राला मुखत्यारी देणाऱ्यांनी पहिल्यापासून हात आखडता का घेतला, हे या घटनेवरून समजते. लाखो किलोमीटरवर अडकलेल्या यंत्राला ढकलायला कोणी जाऊ शकत नाही.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ईओ-१ या उपग्रहावर २००३-०४च्या सुमारास असाच प्रयोग झाला. त्याच्यावरची आज्ञावली स्वतःच चित्र तपासे, आणि ज्वालामुखीची उष्णता, पूर किंवा बर्फातला बदल दिसला तर पुढच्या फेरीचे वेळापत्रक बदलून त्या जागेचे पुन्हा चित्र घेई. २०१७मध्ये उपग्रह निवृत्त होईपर्यंत ही व्यवस्था चालली.

मंगळावर पहिला वापर झाला तो वावटळींसाठी. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्या जानेवारी २००४मध्ये उतरल्या होत्या. मंगळावर धुळीच्या वावटळी उठतात, पण कधी उठतील ते सांगता येत नाही. आंधळेपणाने चित्रे घेत राहिले तर बहुतेक चित्रांत मोकळे मैदान येई, आणि ती पाठवण्यात मोलाची संदेशवेळ खर्च होई. २००६मध्ये दोन्ही गाड्यांवर नवी आज्ञावली चढवली गेली. लागोपाठच्या चित्रांची तुलना करायची, काही हललेले दिसले तर तेवढे पाठवायचे; ढगांच्या बाबतीतही तसेच. ज्या चित्रात काही नाही ते पाठवायचेच नाही.

निवड कशी होते

२००९च्या अखेरीस ऑपॉर्च्युनिटीवर चढवलेली, आणि लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला दगड निवडणारी, आज्ञावली 'एजिस' या नावाने ओळखली जाते. टारा एस्टलिन यांच्या पुढाकाराने जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत ती तयार झाली. तिच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात चमत्कार काहीच नाही.

चित्रात जिथे उजेड-अंधार एकदम बदलतो तिथे कडा असते. आज्ञावली अशा कडा शोधते. ज्या कडा फिरून स्वतःला मिळतात, म्हणजे बंद वेढा तयार करतात, त्यांच्या आत एक वस्तू आहे असे ती धरते. मग त्या वस्तूचे गुण मोजते: किती मोठी, किती उजळ, किती गोल, पोत कसा. शेवटी शास्त्रज्ञांनी आधी सांगितलेल्या पसंतीप्रमाणे ती सगळ्यांना क्रम लावते. मुलगी पाहायला जाणाऱ्या मंडळींनी उंची, शिक्षण, रंग असे गुण मांडून बेरीज करावी, तशातलीच ही रीत. 'हा दगड विचित्र आहे' असे तिला वाटत नाही. दिलेल्या निकषांवर तो पहिला आला, इतकेच तिला कळते.

हे सगळे करायला संगणकही बेताचाच होता. ऑपॉर्च्युनिटीचा संगणक सेकंदाला दोन कोटी ठोक्यांचा, म्हणजे त्या काळच्या घरगुती संगणकांच्याही कितीतरी मागचा. अवकाशातला किरणोत्सार सोसेल असाच संगणक तिथे न्यावा लागतो, आणि असे संगणक नेहमी एक पिढी मागे असतात.

ऑगस्ट २०१२मध्ये गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटीवर एजिसला जास्त नाजूक काम मिळाले. या गाडीवर केमकॅम हे उपकरण आहे. ते सात मीटरपर्यंतच्या दगडावर लेसरचा झोत टाकते, दगडाचा कणभर भाग तापून त्याची ठिणगी उडते आणि ठिणगीच्या प्रकाशावरून दगडातली मूलद्रव्ये कळतात. झोताचा ठिपका मिलिमीटरपेक्षाही लहान. नव्या जागी पोचल्यावर न पाहता झोत टाकला तर तो वाळूत पडण्याचीच शक्यता अधिक. मे २०१६पासून एजिस तिथे नियमित वापरात आली. वर्षभराच्या कामाचा हिशोब रेमंड फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केला. हव्या त्या जातीच्या खडकावर नेम बसण्याचे प्रमाण आंधळेपणाने टाकले असता २४ टक्के अपेक्षित होते. एजिसमुळे ते ९३ टक्क्यांवर गेले.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हरन्सवर हा अधिकार आणखी वाढला. चालता चालताच वाट शोधण्यासाठी तिला वेगळा संगणक दिलेला आहे. तिच्या हातावरचे पिक्सल हे उपकरण क्ष-किरणांनी दगड ठिपक्याठिपक्याने तपासते. तपासता तपासता एखादे खास खनिज लागले, तर त्या ठिपक्यावर जास्त वेळ थांबायचे हे ते स्वतःच ठरवते. आधी गाडी दगड निवडत होती, आता दगडातला कण निवडू लागली.

यादीबाहेरचे

या यशाच्या शेजारी दोन गोष्टी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

मार्च २००६मध्ये स्पिरिट गाडीचे पुढचे उजवे चाक बंद पडले. त्यानंतर ती उलटी चालत ते चाक मागे फरपटत नेऊ लागली. फरपटणाऱ्या चाकाने मातीत चर पडत गेला, आणि २००७मध्ये अशाच एका चरात पांढरीशुभ्र माती उघडी पडली. तपासली तेव्हा ती सुमारे ९० टक्के शुद्ध सिलिका निघाली. पृथ्वीवर अशी सिलिका गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ किंवा आम्लयुक्त वाफा निघतात तिथे तयार होते. त्या सबंध मोहिमेतल्या सर्वांत मोठ्या शोधांपैकी हा एक; तो मोडक्या चाकाने लावला.

दुसरी गोष्ट ३० मे २०२४ची. क्युरिऑसिटी गेडिझ व्हॅलिस या भागातून जाताना तिच्या सुमारे ९०० किलो वजनाखाली एक दगड फुटला. आतून पिवळे स्फटिक चमकले. ते शुद्ध गंधक होते. मंगळावर गंधकाची संयुगे पुष्कळ सापडली होती, पण शुद्ध गंधक त्याआधी कोणी पाहिले नव्हते. तो दगड बाहेरून आसपासच्या दगडांसारखाच होता. एजिसने तो निवडला नसता, आणि खरे तर माणसानेही निवडला नव्हता.

यावरून 'यंत्र चुकते आणि माणूस बरोबर असतो' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा होईल. या दोन्ही ठिकाणी निवड कोणीच केलेली नव्हती. निवड माणसाने केली तरी तो मनातल्या यादीवरूनच करतो. फरक इतकाच की माणसाची यादी अनुभवाने हळूहळू बदलते, आणि यंत्राची यादी माणसाने बदलेपर्यंत तशीच राहते. माणसाची यादी बदलायलाही किती काळ लागतो, याचे उदाहरण आपल्याजवळच आहे.

लोणारचा दीडशे वर्षांचा धडा

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर लोकांना माहीत होतेच. लवणासुराची कथा, काठावरची देवळे आणि दैत्यसूदनाचे मंदिर त्याची साक्ष देतात. खाऱ्या पाण्यातून मिळणाऱ्या क्षारांचा व्यापार होता आणि अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'तही या जागेची नोंद आहे. युरोपीय अभ्यासकांच्या नोंदीत ते आले १८२३मध्ये, सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे. पुढे दीडशे वर्षे प्रश्न एकच होता: काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा इतका गोल खड्डा पडला कसा?

आजूबाजूला शेकडो किलोमीटर ज्वालामुखीचाच खडक. तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच, हे अनुमान स्वाभाविक होते. १८९६मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचे साम्य नोंदवले. पण गंमत अशी की, आज उल्कापाताचे आदर्श उदाहरण मानले जाणारे ते ॲरिझोनाचे विवरच वाफेच्या स्फोटाने झाले असे त्यांचे मत पडले होते. साम्य अचूक दिसले, अर्थ निसटला. १९१२मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्टी यांनी लोणारची तपशीलवार पाहणी केली. उलगडा ज्वालामुखीच्याच चौकटीत राहिला.

ही माणसे हुशार होती, मैदानात पायी हिंडणारी होती. विवराच्या काठावर विखुरलेले काचेचे कण त्यांच्या पायांखालीही होते. पण अशा कणांना काही अर्थ असतो, ही नोंद त्यांच्या यादीत नव्हती. ती यादीत आली अपोलो मोहिमांनी चंद्रावरचे दगड आणल्यावर. १९७३मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लोणारवर निबंध प्रसिद्ध केला. सरोवराच्या तळाशी घेतलेल्या छिद्रांतून आघाताने चिरडलेला खडक मिळाला होता, आणि लोणारचे काचगोल चंद्रावरून आणलेल्या काचगोलांशी जुळत होते. उल्कापाताचा निवाडा तिथे झाला.

लोणारच्या खडकात मॅस्केलिनाइट नावाचा पदार्थ सापडतो. खडकातले फेल्डस्पार हे खनिज प्रचंड आघाताने न वितळताच काचेसारखे होते तेव्हा तो बनतो. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तो १८७२मध्ये, बिहारमधल्या शेरघाटी इथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरून आलेली आहे, हे विज्ञानाला पटायला १९८०चे दशक उजाडावे लागले. म्हणजे मंगळाचा एक तुकडा शंभराहून अधिक वर्षे संग्रहालयात होता, अभ्यासकांच्या हाताखालून जात होता, आणि तो मंगळाचा आहे हे कोणाला माहीत नव्हते. आज मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात, कारण बेसाल्टमध्ये झालेली आघातविवरे पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

१९१२ साली लोणारच्या काठावर एजिस लावलेली गाडी सोडली असती तर काय झाले असते? तिला ला टूश आणि ख्रिस्टी यांचेच निकष दिले गेले असते. तिने त्यांचेच दगड, त्यांच्यापेक्षा जलद निवडले असते, आणि चुकीच्या उत्तराला भरपूर पुरावा गोळा झाला असता. पण त्या गाडीने पाहिलेली सगळी चित्रे जपून ठेवली असती, तर १९७३मध्ये कोणीतरी ती पुन्हा उघडून काचगोल शोधू शकला असता.

निवडणे आणि टाकून देणे

इथे एक भेद करायला हवा. यंत्राला दिलेले निर्णय वरवर सारखे दिसले तरी दोन जातींचे आहेत.

पहिली जात 'निवडण्या'ची. एजिसने एका दगडावर झोत टाकला, तरी ज्या चित्रातून तिने तो निवडला ते चित्र पृथ्वीवर येतेच. न निवडलेले दगडही त्यात दिसतात. शास्त्रज्ञ दुसऱ्या दिवशी म्हणू शकतात, याच्या शेजारचा बघायला हवा होता. आणि गाडी तिथेच असेल तर बघूही शकतात. शिवाय एजिस वापरली जाते ती मुख्यतः माणूस काही सांगू शकत नाही अशा मोकळ्या वेळात. माणसाची निवड काढून घेऊन तिला दिलेली नाही. निकष शास्त्रज्ञच ठरवतात, आणि गाडी नव्या प्रकारच्या प्रदेशात गेली की बदलतात. इथे यंत्राची चूक दिसते आणि दुरुस्त होते.

दुसरी जात 'टाकून देण्या'ची. ज्या चित्रात वावटळ नाही ते पाठवायचे नाही, असे ठरले की ते चित्र पुसले जाते. त्यात वावटळ नव्हती हे खरे असेल. पण दुसरे काही होते का, हे कधीच कळणार नाही. चुकीचा पुरावाच शिल्लक राहत नाही, म्हणून चूक झाली हेही कळत नाही. वावटळींपुरते हे परवडते. गाड्या जसजशा लांब जातील तसतसे मात्र टाकून देण्याचेच प्रमाण वाढणार आहे. शनीच्या टायटन या उपग्रहावर ड्रॅगनफ्लाय हे उडते यान पाठवण्याची तयारी अमेरिकेत चालू आहे. तिथून संदेश यायला एक तासाहून अधिक वेळ लागतो, आणि पाठवता येईल त्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती उपकरणे गोळा करू शकतात. काय पाठवायचे हे तिथल्या तिथे ठरवण्यावाचून गत्यंतर नाही.

नकाशाने सोडलेली जागा

'इथे पाहण्यासारखे काही नाही' असे आधी ठरवल्याने काय होते, हे सांगायला आम्हा लातूरकरांना मंगळावर जावे लागत नाही. भारताच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात १९९३पर्यंत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या श्रेणीत होता. दख्खनचे पठार म्हणजे जुना, थंड, स्थिर पाषाण, अशी ती समजूत. द्वीपकल्पातले भूकंपमापकांचे जाळेही विरळ होते. १९९२च्या ऑक्टोबरात किल्लारी परिसरात धक्के बसले. लोक घाबरले, बातम्या आल्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास मोठा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर किल्लारीला खोल छिद्र घेतले गेले, तेव्हा वरचा काळा पाषाण सुमारे ३३८ मीटर जाडीचा असल्याचे प्रत्यक्ष कळले. २००२च्या सुधारित नकाशात पहिली श्रेणीच रद्द झाली आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या श्रेणीत गेला.

आदल्या वर्षीच्या धक्क्यांवरून भूकंपाचे भाकीत करता आले असते, असे म्हणायचे नाही. ते आजही करता येत नाही. म्हणायचे आहे ते एवढेच की, जिथे उपकरण नसते तिथली नोंद नसते, आणि जिथली नोंद नसते ती जागा 'शांत' ठरते. नकाशाने पाहणे ठरवले, पाहण्याने नकाशा पक्का केला. दूरच्या ग्रहावर ज्याची त्याची यादी घेऊन फिरणाऱ्या यंत्राबाबत हाच धोका आहे. तिथे माणसे मरणार नाहीत. पण एखाद्या जगात जीवसृष्टी होती की नव्हती, याचे उत्तर चुकू शकते. जुलै २०२४मध्ये पर्सिव्हरन्सला चेयावा फॉल्स नाव दिलेल्या दगडावर चित्त्याच्या अंगावर असतात तसे ठिपके दिसले. प्राचीन सूक्ष्म जीवांची ती संभाव्य खूण असू शकते, असे २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटले आहे. ठामपणे कोणीच बोललेले नाही. असे ठिपके 'अनावश्यक पोत' म्हणून एखाद्या यानाने पुसून टाकले, तर ते दिसले होते हेही आपल्याला कळणार नाही.

प्रज्ञान आणि पुढे

भारताच्या अनुभवात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच मोहिमेत दिसल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३चे विक्रम यान चंद्रावर उतरले, तेव्हा शेवटच्या मिनिटांत बंगळुरूतली माणसे फक्त पाहत होती. वेग किती, उंची किती, खाली खड्डा आहे की सपाटी, हे यानच ठरवत होते. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चे अवतरण फसल्यावर झालेल्या दुरुस्त्यांचा मोठा भाग याच स्वायत्ततेला बळ देण्यासाठी होता. तिथे दुसरा मार्गच नव्हता.

उतरून बाहेर पडलेल्या २६ किलोच्या प्रज्ञान गाडीची गोष्ट वेगळी होती. २७ ऑगस्टला तिच्यासमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला, तेव्हा तिला मागे फिरण्याचा हुकूम पृथ्वीवरून गेला. तिची वाट आणि तिचे थांबे जमिनीवरच ठरत. शंभरेक मीटरच्या त्या प्रवासात तिच्या लेसर उपकरणाने दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचे दाखवले. चंद्र जवळ होता, मोहीम चौदा दिवसांची होती, म्हणून माणसाने दगड निवडणे परवडले. जपानबरोबरच्या पुढच्या चंद्रमोहिमेत मोठी गाडी जायची आहे, आणि उद्या मंगळावर भारतीय गाडी गेली तर हे परवडणार नाही. तेव्हा प्रज्ञानच्या पुढच्या पिढीला दगड निवडायचा अधिकार द्यायचा का, हा प्रश्न उरत नाही. कोणत्या अटींवर द्यायचा, एवढाच उरतो.

माझ्या मते त्या अटी तीन आहेत. एक, निवडलेल्याबरोबर नाकारलेल्याचाही काही भाग, कोणताही निकष न लावता, चिठ्ठ्या टाकून निवडावा आणि पाठवावा. यादीबाहेरच्या गोष्टीला दार उघडे राहील ते तेवढेच. दोन, यंत्राने हा दगड का घेतला आणि तो का सोडला याची नोंद चित्रासोबत यावी, म्हणजे उद्याच्या अभ्यासकाला निकालाबरोबर निकषही तपासता येतील. तीन, निकष ठरवताना खडक हाताने ओळखणाऱ्यांचे ऐकावे. आमच्या शिरूर अनंतपाळ भागात विहीर खणणारा वडार माती, मुरूम, मांजऱ्या खडक आणि काळा पाषाण असे थर पहारीच्या आवाजावरून सांगतो. गारगोटी लागली की हात थांबवतो. त्याची यादी कुठे लिहिलेली नाही, पण ती पिढ्यांच्या कामातून दुरुस्त होत आलेली आहे. लोणारचे भूवैज्ञानिक काय, किंवा ऑपॉर्च्युनिटीचे अभियंते काय, सगळ्यांनी शेवटी तेच केले: खडकासमोर उभे राहून आपली यादी दुरुस्त केली.

यंत्र आपल्यासाठी दगड निवडू लागले याचे दुःख करण्याचे कारण नाही. जिथे आपण उभे राहू शकत नाही तिथे ते उभे आहे. मात्र त्याने काय पाहिले याच्या वहीत काय सोडले याचेही पान असावे. शेरघाटीची उल्का कोणी फेकून दिली नव्हती. म्हणूनच शंभर वर्षांनी तिचे गाव सापडले.